रिकाम्या परागकणाचे मोल

पराग हा शब्द आपल्या ओळखीचा झाला तो कवितेच्या वाटेने. मकरंद, परिमळ, केशर यांच्या पंक्तीत तो जाऊन बसला आणि तिथेच राहिला. शेतकऱ्याला परागाची ओळख निराळी आहे. मक्याचा तुरा हलला की अंगावर सांडणारी पिवळी भुकटी, किंवा बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस लागला की धुऊन जाणारा आणि कणीस दाण्यांविना ठेवणारा तो पराग. सर्दी-दम्याने बेजार झालेल्या माणसाला त्याची ओळख आणखी तिसरीच. ती बहुधा गाजरगवताने करून दिलेली. या तिन्हींहून वेगळी अशी चौथी ओळख गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काही रसायनशास्त्रज्ञांनी करून घेतली आहे. त्यांना परागकणातला जीव नको, प्रथिने नकोत, गंधही नको. त्यांना हवे आहे ते नुसते कवच. आतला सगळा ऐवज काढून टाकलेले, स्वच्छ धुतलेले, पोकळ कवच. त्या पोकळीत औषध, जीवनसत्त्व, तेल, लस, अत्तर यांपैकी काहीही भरायचे आणि ते हवे तिथे पोचवायचे, अशी ही कल्पना.

कल्पना चमत्कारिक वाटली तरी पोरकट नाही. जगातल्या अनेक चांगल्या प्रयोगशाळांत तिच्यावर काम चालू आहे. तिच्यात पैसा आहे, तेव्हा आज ना उद्या ती बाजारात येणार हेही उघड आहे. मात्र ती कोणासाठी येणार, धुतलेल्या कपड्यांना चार दिवस वास टिकावा म्हणून की कडू औषध थुंकून टाकणाऱ्या मुलासाठी, हे अजून ठरलेले नाही. विज्ञानातल्या अशा गोष्टी आपोआप ठरत नाहीत, त्या कोणीतरी ठरवतो. आपण ठरवल्या नाहीत तर दुसरा कोणी ठरवतो, आणि मग आपण किंमत मोजून विकत घेतो. म्हणून या पिवळ्या भुकटीकडे वेळीच नीट पाहावे असे वाटते.

प्रथम हे कवच काय आहे ते पाहू. परागकणाला दोन आवरणे असतात. आतले पातळ, सेल्युलोजसारख्या नेहमीच्या द्रव्यांचे. बाहेरचे जाड आणि विलक्षण टणक. नेच्यांच्या आणि शेवाळांच्या बीजाणूंनाही असेच बाहेरचे आवरण असते. ते ज्या द्रव्याचे बनलेले असते त्याला १९३०च्या सुमारास फ्रिट्झ झेट्शे या स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञाने बीजाणू आणि पराग या दोहोंची नावे जोडून ‘स्पोरोपोलेनिन’ असे नाव दिले. या द्रव्याचा चिवटपणा किती, याची कल्पना एका साध्या गोष्टीवरून यावी. परागांचा अभ्यास करणारे लोक सूक्ष्मदर्शकाखाली कण ठेवण्याआधी तो चक्क सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात तापवतात. गुन्नार एर्टमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने घालून दिलेली ही पद्धत आजही चालते. आतले सगळे जळून जाते, आणि बाहेरचे कवच आपल्या काट्यांसह, खाचाखोचांसह जसेच्या तसे शिल्लक राहते.

प्रयोगशाळेतल्या आम्लात टिकणारे कवच जमिनीच्या पोटातही टिकते. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या त्या काळातले, म्हणजे सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणू खडकांत सापडले आहेत. ज्या वनस्पतींची पाने, खोडे यांचा मागमूस उरला नाही, त्यांचे बीजाणू मात्र उरले. तेल शोधणाऱ्या कंपन्या खडकाचे वय ठरवण्यासाठी याच कणांचा आधार घेतात. आपल्याकडे बिरबल साहनी यांनी जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. लखनौच्या त्यांच्या संस्थेच्या इमारतीची पायाभरणी ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली आणि आठवडाभरातच साहनी निवर्तले. पण संस्था चालली, वाढली, आणि परागांच्या अभ्यासात तिने नाव मिळवले. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकांत, अगदी आपल्या नागपूरच्या परिसरातही, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष सापडतात आणि त्यांत पराग असतात. परागाच्या कवचाशी आपला परिचय नवा नाही, हे सांगण्यासाठी एवढा तपशील दिला.

एवढे टणक द्रव्य निसर्गाने कशासाठी बनवले? कारण परागकणाचा प्रवास मोठा कठीण आहे. फुलातून निघालेल्या त्या एका पेशीला उन्हात, वाऱ्यात, किड्याच्या पायाला चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत जायचे असते. वाटेत ती सुकता कामा नये, अतिनील किरणांनी जळता कामा नये, आणि मुक्कामावर पोचल्यावर मात्र उघडली पाहिजे. औषध बनवणाऱ्याची अडचण नेमकी हीच असते. गोळीतले द्रव्य हवेने बिघडू नये, जठरातल्या आम्लाने नासू नये, जिभेला कळू नये, आणि आतड्यात पोचल्यावर मोकळे व्हावे. जे काम कारखान्यात यंत्रे लावून, रसायने ओतून करावे लागते, ते वनस्पतीने केव्हाच करून ठेवले आहे, आणि तेही एका मापाचे. एकाच जातीचे परागकण आकाराने आणि घडणीने इतके सारखे असतात की माणसाच्या हातून तेवढी एकसारखी सूक्ष्म कुपी बनवणे अवघड जाते. या कवचात अतिनील किरण शोषणारी द्रव्येही गुंफलेली असतात. त्याची रेणूरचना मात्र कित्येक दशके कोणाला नीट उलगडली नव्हती, कारण जे कशात विरघळत नाही त्याचे पृथक्करण करायचे कसे? अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१९ साली पाइनच्या परागांवर काम करून त्या रचनेचा सविस्तर आराखडा मांडला, तेव्हा कुठे कोडे सुटू लागले.

या भुकटीचा उपयोग माणसाने पूर्वीही केलेला आहे. लायकोपोडियम हे नाव मराठी घरांत होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांमुळे माहीत आहे. ही जमिनीलगत पसरणारी, नेच्यांच्या दूरच्या नात्यातली वनस्पती. तिच्या बीजाणूंची भुकटी इतकी हलकी, कोरडी आणि निसरडी असते की जुने औषधविक्रेते गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ती वापरीत. ती हवेत उधळून पेटवली की भक्कन ज्वाळा उठते, म्हणून रंगभूमीवर विजा चमकवण्याच्या कामी येई. फ्रान्समधल्या निएप्स बंधूंनी १८०७ साली जे अंतर्ज्वलन इंजिन बनवून नाव चालवली, त्याचे इंधन हीच भुकटी होती. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी चेस्टर कार्लसनने कागदावर पहिली झेरॉक्स प्रत उमटवली, तेव्हा शाईच्या जागी त्याने लायकोपोडियमचीच भुकटी वापरली होती. आज गल्लोगल्ली झेरॉक्सची दुकाने आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी एका रानवनस्पतीची चिमूटभर धूळ आहे.

आता नवे काय, ते पाहू. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात ग्रॅहम मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात लायकोपोडियमची कवचे रिकामी करून त्यांत निरनिराळी द्रव्ये भरण्याचे काम पद्धतशीर केले. रीत ऐकायला सोपी आहे. भुकटी आधी अ‍ॅसिटोनने धुवायची, मग अल्कलीत आणि आम्लात तापवायची, म्हणजे आतली प्रथिने, स्निग्ध द्रव्ये निघून जातात. राहते ते सुमारे २५ ते ३० मायक्रॉन व्यासाचे पोकळ गोलक. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही लहान. कवचात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. तेल किंवा औषधाचे द्रावण त्यांतून आत शिरते. निर्वातात ठेवले तर अधिक वेगाने शिरते. हलच्या मंडळींनी माशाच्या यकृताचे तेल भरून पाहिले. कॉड लिव्हर ऑइलचा चमचा पाहून ज्यांनी लहानपणी नाक धरले असेल त्यांना हे वाचून बरे वाटेल की, कवचात भरलेल्या तेलाची चव चाखणाऱ्यांना फारशी जाणवली नाही. तेल हवेने खवट होण्याचे प्रमाणही कमी झाले. २०१० साली या गोष्टी प्रसिद्ध झाल्या. त्याच सुमारास त्यांनी स्वयंसेवकांच्या एका लहान गटाला असे तेल देऊन पाहिले, तेव्हा त्यातला उपयुक्त अंश रक्तात अधिक प्रमाणात उतरल्याचे आढळले.

सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठात नॅम-जून चो यांच्या गटाने हाच धागा पुढे नेला. त्यांनी लायकोपोडियमवर न थांबता सूर्यफुलासारख्या फुलांचे पराग घेतले. राघवेंद्र मुंदरगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिले की, जी सफाई करायला सात-सात दिवस लागत ती ३० तासांत होऊ शकते आणि त्यातल्या काही रसायनांना फाटाही देता येतो. २०२० साली याच गटाने टणक परागांपासून मऊ लगदा आणि त्यापासून कागदही बनवला. पद्धत बरीचशी साबण करण्याच्या जुन्या रीतीसारखी. तिकडे टेक्सास टेक विद्यापीठात हरविंदर सिंग गिल यांनी वेगळाच विचार केला. पराग नाकातोंडातून शरीरात जातात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळून उठते, हे तर आपण दर वर्षी अनुभवतो. मग परागातली त्रासदायक प्रथिने काढून त्या जागी लसीचे द्रव्य भरले तर? त्यांनी उंदरांना अशी कवचे तोंडावाटे दिली. अंड्यातल्या एका प्रथिनाविरुद्ध त्या उंदरांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली, असा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. सुईवाचून लस देणे शक्य झाले तर केवढे काम होते, हे पोलिओचे थेंब घरोघर पोचवलेल्या देशाला सांगायला नको.

हे सगळे चालू असताना बाजाराला मात्र या कवचाची आठवण निराळ्या कारणाने झाली. आपण रोज वापरतो त्या कित्येक वस्तूंत प्लॅस्टिकच्या सूक्ष्म कुप्या असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कपड्यांना घासल्यावर वास येतो तो अशाच कुप्या फुटल्यामुळे. कार्यालयांत कार्बन न घालता दुसरी प्रत उमटवणारा कागद असे, त्यातही शाईच्या सूक्ष्म कुप्याच होत्या. तो कागद १९५४ सालापासून बाजारात आहे. काही कीटकनाशके अशा कुप्यांतून फवारली जातात, म्हणजे त्यांचा असर टिकतो. या कुप्यांची टरफले धुण्याच्या पाण्यातून आणि शेतातून शेवटी नदीत, समुद्रात जातात. युरोपीय संघाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणणारा नियम संमत केला. पुढच्या २० वर्षांत सुमारे ५ लाख टन सूक्ष्म प्लॅस्टिक पर्यावरणात जाणे त्यामुळे टळेल, असा युरोपचा अंदाज आहे. सुगंधाच्या कुप्यांना २०२९पर्यंत आणि कीटकनाशकांच्या कुप्यांना २०३१पर्यंत मुदत दिली आहे. मुदत सरायच्या आत पर्याय शोधायचा आहे, म्हणून कंपन्यांची धावपळ चालली आहे. परागाचे कवच हा त्या पर्यायांपैकी एक.

आता मुद्द्यावर येऊ. धावपळ सुगंधाची आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे ते आधी शर्टाच्या वासासाठी आणि चेहऱ्याच्या मलमासाठी कवचे मागणार. त्यात गुन्हा काही नाही. पण संशोधनाचा पैसा आणि माणसे जिकडे जातात तिकडेच ज्ञान साचते, हा अनुभव आहे. कडू औषधाला मागणी करणारा ग्राहक तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या बापाच्या खिशात फारसे नसते. क्षयाचेच उदाहरण घ्या. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही दोन औषधे एकाच गोळीतून देतात, म्हणजे रोग्याच्या हातून एखादे राहू नये. पण जठरातल्या आम्लात आयसोनियाझिडच्या सहवासाने रिफाम्पिसिन अधिक नासते, हे अहमदाबादच्या औषधशास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले आहे. जगातले सर्वाधिक क्षयरोगी ज्या देशात आहेत त्या देशाला ही दोन औषधे एका गोळीत राहूनही जठरात एकमेकांपासून दूर कशी ठेवता येतील याची चिंता असायला हवी. परागाचे कवच हे त्याचे उत्तर असेलच असे नाही. पण तपासून पाहण्याजोगे ते नक्कीच आहे, आणि ते तपासण्याची गरज शर्टाला वास लावणाऱ्या कंपनीला वाटणार नाही.

या कवचाच्या बाजूने बोलताना सगळ्यात जास्त भीती वाटते ती ‘नैसर्गिक’ या शब्दाची. आपल्याकडे या शब्दाचा एवढा बाजार झाला आहे की, डबीवर पान किंवा फूल छापले की आतल्या मालाची चौकशी कोणी करीत नाही. लायकोपोडियमचा इतिहास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. गेल्या शतकाच्या आरंभी शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे सहज चढावेत म्हणून त्यांना ही भुकटी लावीत. ती पोटात सांडली की आतड्याभोवती गाठी धरतात, आतडी एकमेकांना चिकटतात, असे आढळले. मग शंखजिऱ्याची पूड आली, तीही तशीच निघाली. मग पिष्टाची आली. शेवटी अमेरिकेने जानेवारी २०१७पासून पूड लावलेल्या हातमोज्यांवर सरसकट बंदी घातली. तिन्ही भुकट्या नैसर्गिकच होत्या! गाजरगवताची पुण्यात १९५६ साली नोंद झाली आणि पुढे त्याने देशभर जो धुमाकूळ घातला, त्याचा परागही नैसर्गिकच आहे. धुतलेल्या कवचात प्रथिने उरत नाहीत, म्हणून ते अंगावर उठणार नाही, असा शास्त्रज्ञांचा दावा आहे आणि तो तर्काला धरून आहे. पण प्रत्येक कारखान्यातली प्रत्येक खेप तेवढी स्वच्छ धुतली गेली की नाही, हे तपासणार कोण? स्वच्छतेचे मोजमाप कायद्याने ठरले पाहिजे, जाहिरातीने नव्हे.

दुसरी शंका टिकाऊपणाची. जे कवच खडकात कोट्यवधी वर्षे राहते ते प्लॅस्टिकहून बरे कसे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की, हे कवच टिकते ते जिथे प्राणवायू पोचत नाही अशा गाळात. हवा खेळणाऱ्या, कधी ओल्या कधी कोरड्या होणाऱ्या मातीत ते झिजते, कुजते. रक्तद्रवात तर ते थोड्या वेळात विरते, असे हलच्याच प्रयोगांत दिसले. शिवाय दर वसंतात पृथ्वीवर एवढे पराग पडतात की, निसर्गाला त्यांची विल्हेवाट नवी नाही. एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. ज्या छिद्रांतून औषध आत जाते त्याच छिद्रांतून ते बाहेरही झिरपते. पाण्यात विरघळणारे औषध तर लगेच. म्हणून कवचावर पुन्हा एखादा लेप द्यावा लागतो. म्हणजे निसर्गाने सगळे काम करून ठेवले आहे, या बोलण्याला एवढा अपवाद आहेच.

तिसरी शंका आम्लाची. एक किलो कवच धुण्यासाठी जे अ‍ॅसिटोन, जे अल्कली, जे फॉस्फरिक आम्ल लागेल ते नंतर जाणार कुठे? आपल्या रासायनिक वसाहतींच्या शेजारच्या नद्यांचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. समुद्रातले प्लॅस्टिक टाळण्यासाठी खाडीत आम्ल सोडायचे असेल तर तो सौदा घाट्याचा. म्हणून सिंगापूरच्या मंडळींनी वेळ आणि रसायने वाचवण्याची जी खटपट केली ती मला नव्या औषधाइतकीच मोलाची वाटते.

चौथी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पराग आणायचा कुठून? लायकोपोडियम हे शेतात लावण्याचे पीक नाही. त्याच्या बीजाणूपासून नवे झाड उभे राहायला वर्षानुवर्षे लागतात. त्याची पहिली अवस्था जमिनीखाली दबा धरून बसलेली असते. जगाला जे लायकोपोडियम मिळते ते रानातून खुडलेले. नेपाळात या वनस्पतीला नागबेली म्हणतात आणि डोंगरातले लोक तिचे बीजाणू गोळा करून विकतात. युरोपने १९९२च्या आपल्या कायद्यात ती अशा यादीत घातली आहे, जिच्या तोडणीवर लक्ष ठेवावे लागते. उद्या जगभरच्या साबणांना ही कवचे हवीशी झाली तर नागबेलीचे डोंगर किती वर्षे पुरतील? आणि खुडणाऱ्या बाईच्या पदरात काय पडेल? मधमाश्यांच्या पोळ्याच्या दाराशी जाळी लावून त्यांच्या पायावरचा पराग काढून घेता येतो, आणि सूर्यफुलाचा बराचसा पराग तसाच मिळतो. पण तो पराग मधमाशीच्या पिलांचे अन्न आहे. थोडा घेतला तर चालतो. हाव धरली तर वसाहत दुबळी होते आणि मग ना मध, ना शेतातले परागीभवन.

म्हणून आपल्या देशाने पाहावे ते पिकांकडे आणि ज्या झाडांचा पराग वाऱ्यावर वाया जातो त्यांच्याकडे. मक्याचा एक तुरा लाखो परागकण सोडतो. त्यांतले कणसाच्या केसांना लागतात ते मोजके, बाकीचे मातीत. हिमालयाच्या पायथ्याशी चीड फुलतो तेव्हा वाटा पिवळ्या होतात. मक्याचा कण लायकोपोडियमच्या तिप्पट मोठा, चिडाचा कण दोन फुगे लावल्यासारखा. प्रत्येकाचे कवच निराळे, प्रत्येकात काय भरावे याचा अभ्यासही निराळा. तो अभ्यास सूर्यफुलाचा झाला तसा मक्याचा, बाजरीचा, चिडाचा व्हायला हवा. मात्र इथे एक इशारा दिला पाहिजे. पराग गोळा करण्याचे काम बारीक हातांचे आहे. कापसाच्या संकरित बियाण्याच्या शेतांत फुलांवर हाताने पराग लावण्यासाठी आंध्र आणि गुजरातेत लहान मुलींना राबवले गेले, हे अनेक पाहण्यांतून पुढे आले आहे. परागाचा नवा धंदा तोच कित्ता गिरवणार असेल तर त्याच्या शास्त्रीय गुणांचे कौतुक आपण न केलेले बरे.

हे सगळे करणार कोण, असा प्रश्न कोणी विचारील. करणारे इथेच आहेत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिचे बहुवारिकांवरचे काम जगाला माहीत आहे. त्याच गावात आघारकर संशोधन संस्था आहे, तिथे वनस्पतिशास्त्राची जुनी परंपरा आहे. मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही १९६२पासून पुण्यातच आहे. मुंबईत माटुंग्याला ज्या संस्थेला जुनी माणसे अजून यूडीसीटी म्हणतात, तिथे औषधनिर्माण आणि रसायन अभियांत्रिकी एकाच आवारात शिकवतात. लखनौला साहनींची संस्था आहे. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणे फार खर्चाचे नाही. फक्त कोणीतरी ते मनावर घ्यायला हवे. आपली सवय अशी की, शोध बाहेर लागला, त्याचे पेटंट झाले आणि त्यात आपल्या आजीच्या बटव्यातले काही निघाले की आपण जागे होतो. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकेतले पेटंट वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढून १९९७ साली रद्द करवले, त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते. तो विजय खराच मोठा होता. पण तो आपले होते ते राखण्याचा विजय होता. परागाच्या कवचावरही विद्यापीठांनी पेटंटे घेतलेली आहेत. इथे आजीचा बटवा कामाला येणार नाही. इथे नवे काम करून दाखवावे लागेल.

काम कोणते, तेही मर्यादित ठेवता येईल. मुलांना द्यावे लागणारे एक कडू औषध निवडावे. आपल्याच शेतातला एक पराग निवडावा. तो कमी आम्लात, कमी पाण्यात धुण्याची रीत बसवावी. कवचात प्रथिने उरली नाहीत हे खेपेगणिक तपासावे. आधी प्राण्यांवर, मग माणसांवर रीतसर चाचण्या कराव्यात आणि निष्कर्ष प्रतिकूल निघाले तरी छापावेत. सरकारच्या पैशाने जी रीत सिद्ध होईल ती औषधे बनवणाऱ्या लहान कारखान्यांना माफक दराने मिळावी आणि पराग पुरवणाऱ्या शेतकऱ्याचा, वेचणाऱ्या बाईचा दर आधीच ठरलेला असावा. जैवविविधतेचा २००२चा कायदा अशा लाभाच्या वाटणीसाठीच केला आहे. तो कागदावरून शेताच्या बांधापर्यंत यायला ही एक संधी आहे.

या प्रयोगाला अपयश येणे शक्य आहे. कदाचित कवच फार झिरपेल, कदाचित फार महाग पडेल, कदाचित साध्या साखरेच्या लेपानेच काम भागेल. तसे झाले तर तेवढे तरी आपल्याला पुराव्यानिशी कळेल आणि ते कळायला परक्या कंपनीच्या पत्रकाची वाट पाहावी लागणार नाही. युरोपची मुदत २०२९ साली संपते आहे. त्या दिवसापर्यंत सुगंधवाल्यांचे काहीतरी नक्की ठरलेले असेल. कडू औषध घेणाऱ्या मुलांच्या बाजूने तोवर निदान एक प्रयोगशाळा तरी कामाला लागलेली असावी, एवढी मागणी करायला हरकत नसावी.